घोळक्यातून सुटणं आणि टीमसाठी राबणं: पहिल्या हंगामातल्या रायडरला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आठ महिन्यांपूर्वी तुम्ही एका स्थानिक रोड सायकलिंग टीममध्ये आलात. वजन ७० किलो, एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारी ताकद) २५० वॅट. टीमच्या सरावात तुम्ही बहुतेकांच्या बरोबरीनं चालवता, चढावर दोघातिघांना मागेही टाकता. तरी चार रेस झाल्या आणि चारही वेळा मुख्य घोळका तुम्हाला सोडून गेला. त्यातल्या दोन रेस वळणांनी भरलेल्या छोट्या सर्किटवर होत्या, एक उघड्या रस्त्यावर आडव्या वाऱ्यात झाली आणि चौथीत शेवटाला चार किलोमीटरचा चढ होता. भरीस भर म्हणजे कॅप्टन दर वेळी "टीमसाठी काम कर" म्हणतो, पण काम म्हणजे नेमकं काय ते कुणी सांगत नाही. अजून किती वॅट वाढवले म्हणजे टिकता येईल, आणि तरीही नाही जमलं तर टीम सोडून एकट्यानं टाइम ट्रायल, म्हणजे घड्याळाविरुद्धच्या रेस, कराव्यात का, हे तुम्हाला हवंय.

मी सोळा वर्षं हौशी गटात रेस करतेय, त्यातली शेवटची सहा टीमची कॅप्टन म्हणून. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन दर हंगामात कुणीतरी येतं आणि जवळजवळ प्रत्येक जण वॅटपासूनच सुरुवात करतो. पण तुम्हीच दिलेली माहिती नीट वाचा. जे सरावात तुमच्या बरोबरीचे आहेत, चढावर तुमच्या मागे पडतात, तेच रेसमध्ये घोळक्याबरोबर शेवटपर्यंत जातात. म्हणजे ताकद साधारण सारखीच आहे, ती खर्च कुठे होते यात फरक आहे. चारपैकी तीन रेसमध्ये तुमची ताकद अशा ठिकाणी गेली, जिथे ती घालवायची गरजच नव्हती, असं माझं ठाम मत आहे. चौथीचं वेगळं आहे, तिच्याकडे नंतर येते.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत, त्या आधी सांगते. तुमच्या रेसमध्ये साठ जण होते की वीस, यावर बरंच अवलंबून आहे. वीस जणांच्या रेसमध्ये लपायला जागा कमी असते, तिथे ताकदीचा हिशोब थेट लागतो. आठवड्याला किती तास मिळतात, हेही महत्त्वाचं. पाच-सहा तासांच्या सरावावर दीड तासाची रेस छान निघते, तीन तासांच्या रेसचा शेवटचा तास मात्र जड जातो. आणि तुम्ही अलीकडे पडला असाल, मनात धास्ती असेल, तर खाली वळणांबद्दल जे लिहिलंय ते निम्म्या गतीनं शिकायचं. भीती दाबून घोळक्यात घुसणारा रायडर स्वतःला आणि इतरांनाही धोक्यात घालतो.

आता मूळ कारण. सपाट रस्त्यावर ताशी ३५-४० किलोमीटरनं जाताना तुमच्या श्रमातला ८० ते ९० टक्के भाग हवा कापण्यात जातो. हवेविरुद्ध लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या पटीत वाढते, त्यामुळे वेग १० टक्के वाढवायचा तर ताकद सुमारे ३३ टक्के जास्त लागते. एका रायडरच्या चाकामागे नीट बसलात तर साधारण पाव ते एक तृतीयांश श्रम वाचतात. आइंडहोवन तांत्रिक विद्यापीठाच्या बर्ट ब्लोकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १२१ सायकलपटूंच्या घोळक्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. घोळक्याच्या आतल्या, मागच्या भागातल्या रायडरला होणारा हवेचा विरोध एकट्या रायडरच्या तुलनेत अवघा ५ ते १० टक्के उरतो, असं त्यात दिसलं. आपले हौशी घोळके इतके दाट किंवा इतके मोठे नसतात, म्हणून हा आकडा जसाच्या तसा घेऊ नका. पण दिशा तीच आहे.

हे वाचून वाटेल, मग मागेच बसावं, सगळ्यात स्वस्त. पहिल्या हंगामात सगळे हेच करतात आणि सर्किटवर नेमके याच्यानंच मरतात. तुम्ही लिहिलंय की दोन्ही सर्किटवर तुम्ही "ताकद राखण्यासाठी" शेवटच्या दहात होता. त्या जागेवर काय घडतं बघा.

वळण आलं की पुढचे चार-पाच जण रेषा निवडतात आणि फारसा वेग न सोडता बाहेर पडतात. त्यांच्या मागचे जरा ब्रेक लावतात, त्यांच्या मागचे त्याहून जरा जास्त. पन्नासाव्या माणसापर्यंत ही लाट पोचते तेव्हा त्याचा वेग जवळपास निम्म्यावर आलेला असतो. तोवर पुढचे बाहेर पडून ताशी चाळीसला पोचलेले असतात, आणि हा वीसवरून उभा राहून, दात आवळून त्यांना गाठतो. हवेत वाचवलेलं सगळं दर वळणाला व्याजासकट परत द्यावं लागतं.

तुमच्याच आकड्यांवर हिशोब मांडते. २५० वॅटच्या वर जे काही कराल ते एका मर्यादित साठ्यातून येतं. बहुतेक हौशी रायडरांचा हा साठा साधारण १५ ते २५ किलोज्यूल असतो. २५० च्या खाली राहिलात की तो हळूहळू भरतो, वर गेलात की रिकामा होतो. शेवटच्या दहात असताना प्रत्येक वळणानंतर दहा सेकंद ६०० वॅट लागले असं धरा. २५० च्या वरचे ३५० वॅट, दहा सेकंद, म्हणजे साडेतीन किलोज्यूल गेले. पहिल्या दहातल्या रायडरला त्याच वळणातून निघताना सहा सेकंद ३५० वॅट पुरतात, म्हणजे त्याचा अर्ध्या किलोज्यूलच्या थोडाच वर खर्च झाला. एका फेरीत चार वळणं असतील तर तुम्ही फेरीला चौदा किलोज्यूल घालवता, तो अडीच. मधल्या सरळ पट्ट्यांवर तुमचा साठा भरतो खरा, पण पूर्ण भरत नाही, आणि सातव्या-आठव्या फेरीला पुढे कुणी जोर लावला की तुमच्यापुढे फट पडते. तुम्ही सुटता आणि घरी येऊन म्हणता, पाय कमी पडले. माझ्या मते पाय पुरेसे होते.

म्हणून घोळक्याच्या पुढच्या एक तृतीयांश भागात राहायचं. अगदी पुढे नको, तिथे वारा लागतो. साठ जणांत आठव्या ते विसाव्या जागेच्या मध्ये. हे सांगायला सोपं आणि करायला अवघड आहे, कारण ती जागा सगळ्यांनाच हवी असते. घोळका आतून सतत ढवळत असतो. बाजूनं माणसं पुढे येतात, मधले आपोआप मागे ढकलले जातात. तुम्ही स्वस्थ बसलात तर दर किलोमीटरला पाच-सहा जागा गमावता, तुमच्या लक्षातही येत नाही. जागेवर टिकायचं असेल तरी थोडं पुढे सरकत राहावं लागतं.

सरकायचं कधी, यात खरं कसब आहे. घोळका ताणून एका ओळीत पळत असेल तेव्हा बाजूनं पुढे जाणं म्हणजे संपूर्ण वारा अंगावर घेणं. पुढचे दमून जरा सैल पडले, घोळका आडवा पसरला, की तो क्षण. तेव्हाही एकट्यानं बाहेर पडायचं नाही. दुसरं कुणी बाजूनं पुढे निघालं की त्याच्या चाकामागे जायचं. वळणाआधीच्या शंभर मीटरमध्ये आतल्या बाजूनं घुसून जागा कमवायचा मोह टाळा, पडझड बहुतेक तिथूनच सुरू होते. आणि सुरुवातीच्या रेषेवर लवकर या. पहिल्या रांगेतून निघालेल्याला जी जागा फुकट मिळते, तीच मागून निघालेल्याला दोन फेऱ्या झुंजून मिळवावी लागते.

वळण घेताना ब्रेक वळणाच्या आधी, सरळ असताना. हात ड्रॉप्सवर (हँडलच्या खाली वळलेल्या भागावर), कोपर सैल, आतलं पेडल वर, बाहेरच्या पेडलवर वजन, आणि नजर पुढच्याच्या चाकावर न ठेवता त्याच्या खांद्यावरून वळणाच्या शेवटाकडे. घोळक्यात असताना आपली रेषा आपल्या एकट्याची नसते. वळणात बाहेरच्या बाजूनं शिरलात तर बाहेरच राहून पुढे जायचं, मध्येच कुणाची वाट कापायची नाही. पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला आपलं पुढचं चाक घुसवून ठेवू नका. तो हातभर सरकला तर त्याला काही होत नाही, जमिनीवर तुम्ही जाता. दुसऱ्या हंगामात मी अशीच पडले. सपाट रस्ता, सरळ रेषा, काहीच कारण नव्हतं, मी फक्त आळसानं चाक आत ठेवलं होतं. हंसळीचं हाड मोडलं आणि माझ्या मागचे आणखी दोघे पडले. त्या दोघांचं मला आजही वाईट वाटतं.

आता वाऱ्याची रेस. तुम्ही लिहिलंय, "सगळे एका ओळीत होते, मी पुढच्याच्या बरोब्बर मागे होतो, तरी काही आडोसा मिळेना." आडवा वारा असताना आडोसा बरोब्बर मागे नसतोच, तो तिरका सरकतो. वारा उजवीकडून असेल तर पुढचा रायडर रस्त्याच्या उजव्या कडेला जातो, त्याच्या मागचा जरा डावीकडे, त्याच्या मागचा आणखी डावीकडे, असा तिरका पंखा होतो. पण रस्त्याची रुंदी ठरलेली असते. त्या पंख्यात दहा-बारा जण मावले की रस्ता संपतो. तेराव्यापासून पुढचे सगळे डाव्या कडेला एकामागे एक लागतात आणि त्यांना कसलाही आडोसा उरत नाही. ते एकट्यानं चालवल्यासारखे दमतात, कुणाच्या तरी पुढे फट पडते, आणि त्याच्या मागचे सगळे एकदम जातात. तुम्ही त्या कडेच्या ओळीत होता. तिथे तीनशे वॅट एफटीपी असलेला माणूसही फार वेळ टिकत नाही.

यावर दोन उपाय आहेत. पहिला रेसच्या आधीचा: नकाशा बघा, वाऱ्याची दिशा बघा, आणि रस्ता कुठे वळल्यावर वारा आडवा होणार ते ठिकाण हेरून ठेवा. त्या ठिकाणाच्या दोन किलोमीटर आधी पुढे असायचं, मग त्यासाठी थोडी ताकद घालवावी लागली तरी चालेल. रेसमधली ती सगळ्यात चांगली गुंतवणूक असते. दुसरा उपाय उशीर झाल्यावरचा. पहिल्या पंख्यात जागा नाही असं दिसलं की कडेला लोंबकळत राहू नका. मागच्या चार-पाच जणांना हाक मारा आणि दुसरा पंखा बांधा. नवखे रायडर हे करायला लाजतात. लाजू नका. पुढचा पंखा पुढच्या वळणावर बऱ्याचदा सैल पडतो, आणि एकजुटीनं चालणारा दुसरा पंखा त्याला गाठतो. एकेकटे लोंबकळणारे कधीच गाठत नाहीत.

पंख्यात फिरताना पुढे यायची पाळी आली की वेग वाढवायचा नाही. हे मी जीव तोडून सांगते, कारण जोशात आलेला नवखा रायडर पुढे येतो, ताशी दोन किलोमीटर वाढवतो, आणि जो नुकताच ओढून बाजूला झालेला असतो त्याला परत चाक पकडता येत नाही. आपण मदत करतोय असं त्याला वाटतं आणि प्रत्यक्षात तो आपल्याच माणसांना सोडवत असतो. वेग तोच ठेवा, पुढच्याला ओलांडलं की हलकेच वाऱ्याच्या बाजूला सरका, मग पेडल जरा सैल करा. बाजूला होऊन मागे जाणारी ओळ वाऱ्याच्या बाजूनं असते, म्हणजे पुढे येणाऱ्यांना तिचाही आडोसा मिळतो. दमला असाल तर पाळी पाच सेकंदांची करा, पण फिरत राहा.

चढाच्या रेसबद्दल फार लिहित नाही, कारण तिथे तुमचा वॅटचा प्रश्न बरोबर आहे. चढ सरासरी सहा टक्क्यांचा धरला तर ७० किलो वजन आणि २५० वॅटवर चार किलोमीटरला तुम्हाला पंधरा मिनिटांच्या आसपास लागतील. तुमच्याच वजनाचा ३०० वॅटवाला सुमारे दोन मिनिटं आधी वर पोचेल. हे अंतर कुठल्याही चलाखीनं भरून निघत नाही. त्यासाठी वर्ष-दोन वर्षांचा नेटका सराव लागतो. तोवर एवढं करा: चढाच्या पायथ्याशी पहिल्या दहात पोचा, सुरुवातीच्या भडक्यात सामील न होता स्वतःच्या गतीनं चढा आणि हळूहळू घोळक्यातून मागे घसरत जा. पुढून सुरुवात करून शेपटाशी वर पोचणारा घोळक्यातच असतो. शेपटापासून सुरुवात करणाऱ्याला मागे घसरायला जागाच नसते.

खाण्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, पण चौथ्या रेसमध्ये तुम्ही अडीच तासांत एकच एनर्जी जेल घेतलंत असं लिहिलंय. हे फारच कमी आहे. दोन तासांहून लांब रेसमध्ये ताशी ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट हवं, सवय असेल आणि ग्लुकोज-फ्रुक्टोज दोन्ही असतील तर ९० पर्यंत. पहिल्या अर्ध्या तासातच सुरू करा. भूक लागल्यावर घेतलेलं त्या रेसच्या उपयोगी पडत नाही. हे सरावात करून बघा, पोटालाही सवय लागते.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: सर्किटवर जागेमुळे सुटलात, वाऱ्यात जागा आणि पंखा दोन्हींमुळे, आणि चढावर वॅटमुळे, त्यातही थोडा हात रिकाम्या पोटाचा. आता "काम कर" या प्रश्नाकडे येते, कारण मला तो तुमच्या वॅटपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

टीमसाठी राबणाऱ्या रायडरला फ्रेंचमध्ये जो शब्द आहे, डोमेस्टिक, त्याचा अर्थ घरगडी. हा शब्द मला कधीच आवडला नाही. गड्याला निदान काम काय ते माहीत असतं. आपल्या हौशी टीममध्ये बहुतेक वेळा नव्या माणसाला "काम कर" एवढंच सांगतात, आणि तो बिचारा घोळक्याच्या पुढे जाऊन वीस मिनिटं वारा खातो, सगळ्या प्रतिस्पर्ध्यांना आयता आडोसा देतो, आणि सुटतो. त्याला वाटतं आपण टीमसाठी जीव दिला. टीमला त्यातून काही मिळालेलं नसतं. यात दोष त्या रायडरचा नाही. ज्यानं नीट सांगितलं नाही, त्या कॅप्टनचा आहे. मी कॅप्टन म्हणून पहिल्या वर्षी हीच चूक केली आणि त्या हंगामात दोन चांगले रायडर टीम सोडून गेले.

सगळ्यात पहिलं काम म्हणजे काय करायचं नाही हे कळणं. आपल्या टीमचं कुणी पुढे निसटलेल्या गटात असेल, तर मागच्या घोळक्याला ओढायचं नाही. पाठलाग ज्यांचं कुणी पुढे नाही त्यांनी करायचा. तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या जागेवर बसा, पाठलाग करणाऱ्याच्या चाकामागे राहा, तुमची पाळी आली की घेऊ नका. लोक ओरडतील, ओरडू द्या. मी माझ्या तिसऱ्या हंगामात हे केलं नाही. पाय छान चालत होते, घोळका मंदावला होता, मला सहन होईना आणि मी पुढे जाऊन ओढायला लागले. आमची एक रायडर पुढच्या गटात होती. शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये ती पकडली गेली. रेस संपल्यावर ती रागावली नाही, फक्त विचारलं, "तू कुणासाठी ओढत होतीस गं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून पुढे जाण्याआधी हा प्रश्न मी स्वतःला दर वेळी विचारते, आणि तुम्हीही विचारावा अशी माझी इच्छा आहे.

दुसरं काम म्हणजे माहिती ठेवणं. याला एकही वॅट लागत नाही, आणि हे नव्या रायडरला पहिल्या दिवसापासून जमतं. पुढे किती जण निसटले, कुठल्या टीमचे, त्यातले किती परत पकडले गेले, किती उरले. टोकियो ऑलिंपिकच्या महिलांच्या १३७ किलोमीटरच्या रोड रेसमध्ये, जुलै २०२१ ला, ऑस्ट्रियाची आना किझेनहोफर सुरुवातीलाच निसटलेल्या गटात होती आणि शेवटचे सुमारे ४० किलोमीटर एकटी पुढे होती. मागच्या घोळक्यात नेदरलँड्सच्या चार नामांकित रायडर होत्या. ऑलिंपिकमध्ये रायडरच्या कानात टीमचा रेडिओ नसतो. निसटलेल्या गटातल्या उरलेल्या दोघींना पकडल्यावर आता पुढे कुणी नाही असा त्यांचा समज झाला. त्या चौघींपैकी आनेमीक फान फ्लॉयटननं आपण सुवर्ण जिंकलं असं समजून रेषेवर हात उंचावले, आणि ती किझेनहोफरनंतर सव्वा मिनिटानं आलेली होती. जगातल्या सगळ्यात बलवान टीमचं असं होऊ शकतं, तर आपल्या रेसमध्ये, जिथे कुणाच्याच कानात रेडिओ नसतो, मोजणारा माणूस किती मोलाचा असेल याचा विचार करा. आमच्या टीममध्ये मी हे काम नेहमी सगळ्यात नव्या रायडरला देते. दर फेरीला येऊन मला सांगायचं, पुढे चार आहेत, अंतर चाळीस सेकंद. त्यासाठी त्याला पुढे राहावं लागतं, म्हणजे जागा धरायचं शिक्षणही आपोआप होतं.

तिसरं काम: टीमच्या मुख्य रायडरला योग्य वेळी योग्य जागी नेणं. समजा चढ बाविसाव्या किलोमीटरला आहे. एकोणिसाव्याला तुम्ही त्याच्या पुढे या, त्याला तुमच्या चाकामागे घ्या, घोळक्याच्या बाजूनं वाऱ्यात पुढे जा आणि पायथ्याला त्याला पाचव्या-सहाव्या जागेवर सोडा. तीन किलोमीटर, चार-साडेचार मिनिटं, सगळी ताकद तिथे. त्यानंतर सुटलात तरी हरकत नाही. आणि हे करताना मागे बघत राहा. एकदम जोर लावलात की तो तुमच्या चाकावरून निसटतो आणि तुम्ही एकटेच पुढे पोचता. आवाजाचे दोन शब्द आधी ठरवून घ्या, "हळू" आणि "चल", बस. स्प्रिंटसाठी नेणं हेही याच जातीचं काम आहे, पण तिथे वेग आणि धक्काबुक्की दोन्ही जास्त असतात. पहिल्या हंगामात त्यात पडू नका.

या सगळ्याचा निकालपत्रकात कुठेही उल्लेख नसतो. तिथे तुमच्या नावापुढे एक्कावन्न लिहिलेलं असतं, नाहीतर रेस पूर्ण न केल्याची खूण. म्हणून वेगळी वही ठेवा. प्रत्येक रेसनंतर त्याच संध्याकाळी तीन गोष्टी लिहा: कुठे सुटलात आणि त्या आधीच्या दहा मिनिटांत घोळक्यात कितव्या जागेवर होता, टीमनं दिलेलं काम झालं की नाही, ताकद कुठे वाया गेली. चार-पाच रेसनंतर त्या वहीत तुमची प्रगती दिसायला लागते, जी निकालपत्रकात दोन वर्षं दिसत नाही. मी माझ्या वह्या अजून जपून ठेवल्यात.

टीम सोडावी का, याचं उत्तर मी तुमच्या वतीनं देऊ शकत नाही, पण कशावरून ठरवावं ते सांगू शकते. कॅप्टनला विचारल्यावर तो नेमकं काम सांगतो का? रेसनंतर कुणी दहा मिनिटं बसून बोलतं का? मुख्य रायडरची भूमिका कधी दुसऱ्याला मिळते का, निदान त्याला साजेशा रेसमध्ये? आज राबणाऱ्यासाठी उद्या कुणी राबणार नसेल, तर ती टीम नावापुरतीच आहे, आणि हंगाम संपल्यावर दुसरी शोधण्यात काही गैर नाही. पण हंगामाच्या मध्यात, विचारण्याआधीच, सोडू नका. तुम्ही अजून विचारलेलंच नाही.

टाइम ट्रायल हा चांगला प्रकार आहे, मी दर हंगामात दोन-तीन करते. ताकद एकसारखी कशी वापरायची हे त्यात जसं कळतं तसं कशातच कळत नाही. किझेनहोफर स्वतः त्या वेळी ऑस्ट्रियाची राष्ट्रीय टाइम ट्रायल विजेती होती, आणि टोकियोतले ते एकटीचे किलोमीटर तिला त्यामुळे पेलले. घोळक्यात चालवणं तुम्हाला मनापासून नकोसं वाटत असेल तर खुशाल टाइम ट्रायलकडे वळा. पण तुमच्या लिहिण्यात मला तसं काही दिसलं नाही. दुसऱ्या सर्किटच्या तिसऱ्या फेरीत तुम्ही काही वेळ पुढच्या पंधरात होता आणि "अचानक सगळं सोपं वाटलं", असं तुम्हीच लिहिलंय. ते वाक्य मी दोनदा वाचलं.

पुढची रेस सर्किटवरची निवडा, चढाची नको. आदल्या दिवशी कॅप्टनला एवढंच विचारा, "उद्या मी कुणासाठी, कुठून कुठपर्यंत, काय करू?" उत्तर मोघम आलं तर तुम्हीच सुचवा: पहिल्या आठ फेऱ्या मी पुढच्या पंधरात राहून निसटलेल्यांची मोजणी ठेवतो आणि दर फेरीला तुला कळवतो. बहुतेक कॅप्टन याला आनंदानं हो म्हणतील. मग सकाळी वीस मिनिटं आधी रेषेवर या, पहिल्या रांगेत उभे राहा, आणि आठ फेऱ्यांनंतर काय झालं ते मला जरूर कळवा.